रूडी मेहलेची दुसरी नोटीस

प्वेब्लो, १५ नोव्हेंबर

प्रिय ओफेलिया,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच कचऱ्यात टाकलं नसशील, तर आता खुर्ची ओढून बस आणि शेवटपर्यंत वाच. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, नाताळचं कार्डसुद्धा नाही, आणि आज एकदम इतकी पानं. कामाचं पत्र आहे असं समज. रूडी मेहलेच्या कागदांचं. त्याचे रिटर्न अकरा वर्षं तू भरलेस, तेव्हा पुढे काय झालं ते तुला कळायला हवं.

रूडी अजून कारखान्यातच आहे, त्याच क्रेनवर. त्रेसष्टचा झाला, गुडघे गेले, पण निवृत्तीचं नाव काढत नाही. त्याची बायको बर्नादीनही शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. मे महिन्यात एका मंगळवारी तो सकाळची पाळी सुटल्यावर थेट ऑफिसात आला. डोक्यावर हेल्मेट तसंच, आणि काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी. गुंडाळीच्या आत करखात्याचं पाकीट. रस्त्यात कुणाला दिसू नये म्हणून गुंडाळून आणलेलं. टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, ‘‘झोरा, वाच आणि मला एवढंच सांग, मी चोर आहे का?’’

मी हसले. हो, हसले, ते मला आठवतं. नोटीस अशी होती की, तुम्ही दोघांनी निवृत्तीच्या खात्यांतून पंधरा हजार डॉलर काढलेत, ते उत्पन्नात दाखवले नाहीत, तेव्हा कर आणि व्याज मिळून चार हजारांच्या आसपास भरा. मान्य नसेल तर तीस दिवसांत कारण कळवा. काढले नव्हतेच गं त्यांनी. तू काउंटरवर लोकांना दोन बरण्यांचं समजावून सांगायचीस ना, तीच गोष्ट. पहिल्या बरणीत कर भरून झालेले पैसे टाकायचे, म्हातारपणी काढताना सरकार त्याला हात लावत नाही. दुसरीतल्या पैशांवरचा कर सरकार म्हातारपणी घेतं. आणि ज्याची वर्षाची कमाई फार, त्याला पहिल्या बरणीचं झाकण बंद. नोटीस ज्या वर्षाची, त्या वर्षी या दोघांनी फेब्रुवारीत पहिल्या बरणीत साडेसात-साडेसात हजार टाकले. पुढे ऑक्टोबरात रूडीच्या बापाचं नदीकाठचं मिरचीचं शेत सौरऊर्जेवाल्यांनी घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मेहल्यांची कमाई झाकण बंद होण्याइतकी झाली. मग मी डिसेंबरात त्यांचे पैसे दुसऱ्या बरणीत वळते करायला लावले. मुदतीत वळते केले की ते पहिल्या दिवसापासून तिथेच होते असं सरकार मानतं. कर शून्य. रिटर्नला फक्त एक चिठ्ठी जोडायची, की असं असं केलं आहे. खातं सांभाळणाऱ्या कंपनीनं मात्र वर्षाच्या कागदावर चुकीचं अक्षर छापलं होतं. ‘वळते केले’ याच्याऐवजी ‘काढले’ असा अर्थ होणारं. करखात्याच्या यंत्रानं तो कागद वाचला आणि नोटीस काढली. यंत्राची काय चूक?

मी रूडीला म्हटलं, घरी जा, सूप पी, हे पाच मिनिटांचं काम आहे. कंपनीकडून दुरुस्त कागद मागवायचा, ‘मान्य नाही’ या चौकोनात खूण करायची, कागद जोडायचे, पाठवायचं. चार दिवसांनी त्यानं आणि बर्नादीननं येऊन सह्या केल्या. पुढचं मी जूनमध्ये केलं. म्हणजे मला तसं लख्ख आठवतं. पाकीट चिकटवलेलं आठवतं, जिभेवरची गोंदाची चव आठवते, टपालपेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आठवतो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रूडी पुन्हा दारात उभा. या वेळी वर्तमानपत्र नव्हतं. पाकीट उघडंच हातात, आणि तोंड असं की मला आधी वाटलं बर्नादीनला काहीतरी झालं. बाहेर कोपऱ्यावर त्या दिवसांत मिरच्या भाजायचं पिंप फिरत असतं, सगळा रस्ता त्या वासानं भरलेला, एरवी रूडी हातात कागदी पिशवी घेतल्याशिवाय येत नाही. मी पाकीट घेतलं. दुसरी नोटीस. तुला माहीत आहे ती कसली असते. नव्वद दिवस, त्यानंतर कोर्टाचा दरवाजासुद्धा बंद, मग वसुली. आणि वरच एक ओळ: आमच्या पहिल्या पत्राला आपल्याकडून काहीही उत्तर आलेलं नाही.

ओफेलिया, मी ती ओळ तीनदा वाचली. चाळीस वर्षांत माझ्या ऑफिसातून कुणाला दुसरी नोटीस आलेली नाही. पहिल्या पुष्कळ आल्या, दुसरी कधीच नाही. रूडी म्हणाला, ‘‘तू पाठवलं होतंस ना?’’ आवाजात संशय नव्हता, नुसता प्रश्न होता. त्यानं जास्तच लागलं. मी टपालखात्याला शिव्या घातल्या. करखात्याला घातल्या. मग त्या कंपनीकडे वळले, कारण चूक मुळात त्यांची, आणि दुरुस्त कागद मला मिळालेलाच नव्हता. फाईल उघडून रूडीसमोर धरली. बघ म्हटलं, आहे का? नव्हता. रूडीला तिथेच बसवून मी कंपनीला फोन लावला, त्यालाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला. मला त्याच्यादेखत कुणालातरी झाडायचं होतं, खरं ते सांगते.

पलीकडे टॅन्या नावाची मुलगी होती. मी तिला बोलू दिलं नाही. विचारलं, तुमच्याकडे माणसं कामाला ठेवलीत की माशा मारायला? एक अक्षर दुरुस्त करून पाठवायला किती महिने लागतात? एका प्रामाणिक माणसाच्या घरावर तुम्ही वसुली आणलीत. असं बरंच. ती मुलगी शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘मिस पेर्को, मी टॅन्या. आपण याआधी बोललोय.’’

मी म्हटलं, मी तुमच्याशी आयुष्यात बोललेले नाही.

‘‘नऊ जूनला बोललो,’’ ती म्हणाली. ‘‘मग अकरा जूनला. सोळाला. आणि दोन जुलैला. चारही वेळा तुम्ही मेहल्यांचा दुरुस्त कागद मागितलात, चारही वेळा मी पाठवला. त्याआधी गेल्या वर्षी फेब्रुवारीतच आम्ही एकदा आपणहून पाठवला होता. सगळ्याच्या पोचपावत्या माझ्यासमोर आहेत, सही तुमची आहे.’’ मग ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘मॅडम, चारही वेळा तुम्ही मला तुमच्या आईच्या अक्रोडाच्या पोतित्सा-पावाची कृती सांगितलीत. दुसऱ्या वेळी मला वाटलं तुम्ही गंमत करताय. मी ती लिहून घेतलीय. करूनही पाहिली.’’

ती कृती मी कुणाला देत नाही. तुला माहीत आहे, तू किती वर्षं मागे लागली होतीस. अक्रोडात किसलेलं संत्र्याचं साल घालायचं हे आई आणि मी सोडून पृथ्वीवर कुणाला ठाऊक नव्हतं. टॅन्याला ठाऊक होतं. तिनं ते मला फोनवर सांगितलं.

फोन कधी ठेवला ते कळलं नाही. रूडी समोर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मघाशी मीच आवाज मोठा ठेवला होता ना. तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होता. मग उठून त्यानं कोपऱ्यातल्या मशीनमधून मला कॉफी आणून दिली, पेला माझ्या दोन्ही हातांत धरवला आणि म्हणाला, नंतर बोलू. मला ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मी दारावर ‘बंद’ची पाटी लावून कपाटं उपसली. एकेक फाईल, एकेक कागद. रूडीचं उत्तर मला अर्बन नावाच्या दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या फाईलमध्ये सापडलं. पाकिटात घातलेलं, चिकटवलेलं, पत्ता लिहिलेला, आत दोघांच्या सह्या. टपालपेटीच्या झाकणाचा आवाज मला अजूनही आठवतो, ओफेलिया. पण पाकीट माझ्या हातात होतं. दुरुस्त कागद एक नाही, पाचही सापडले, पाच वेगवेगळ्या घरांच्या फायलींत, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझ्या हातानं लिहिलेलं: ‘मेहले, तातडीचं.’ प्रत्येक वेळी तातडीचंच. मी खाली फरशीवर बसले. आपल्याच ऑफिसात चोर शिरून गेला आणि तो चोर आपलेच कपडे घालून होता, असं काहीसं वाटलं. भीती वाटली म्हणावं तर तेही नाही. भीतीला आधी थोडी कल्पना तरी असावी लागते. मला काहीच कल्पना नव्हती. मी रोज सकाळी दात घासून, टाय लावल्यासारखा तो निळा स्कार्फ लावून कामाला येत होते आणि मला वाटत होतं सगळं ठीक चाललं आहे.

आणि तिसऱ्या दिवशी, दुपारी, मागच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या छपाईच्या कागदांखाली, मला बाकाबाईंचं पिवळं पाकीट सापडलं.

तू आता वाचायची थांबली असशील. थांब. पण मग पुढे वाच.

घराचं मूळ खरेदीखत, स्वयंपाकघर वाढवल्याच्या पावत्या, छताच्या पावत्या, नवऱ्याच्या अक्षरातली ती वही. सगळं. एक कागद कमी नाही. पाकिटावर माझी चिकटचिठ्ठी, माझं अक्षर, तारखेसकट: ‘३ फेब्रुवारी. ओफेलियानं दिलं. तपासायचं.’

तू म्हणत होतीस, तुझ्या हातात दिलं, झोरा. तू तेवढंच म्हणत राहिलीस. आणि मी काय काय म्हटलं ते मला दुर्दैवानं शब्दन्‌शब्द आठवतं. काय विसरायचं याची निवड माझ्या हातात असती तर बरं झालं असतं. बाकाबाई काउंटरपाशी रडत होत्या, नवरा जाऊन चार महिने झालेले, घर विकलेलं, आणि पावत्या नाहीत म्हणून नफा दुप्पट दिसत होता. बर्नादीन होती, ते दोघे लुसेरो भाऊ होते, दाराशी पोस्टमन होता. आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं की, ही बाई अकरा वर्षं माझ्या जिवावर जगते आहे आणि हिला एक पाकीट सांभाळता येत नाही. म्हटलं, विधवेच्या तोंडचा घास काढलास. म्हटलं, उद्या कुणी म्हणालं तू ते मुद्दाम गायब केलंस तर मी कुणाला काय सांगू. हे शेवटचं मी का म्हटलं? तेव्हाही मला तसं वाटत नव्हतं. जीभ सुटली की सुटली. तू टेबलावर किल्ल्या ठेवल्यास, तुझा तो कॅक्टस उचललास आणि गेलीस. मी तुला जाताना बघितलंही नाही, मी बाकाबाईंना पाणी देत होते आणि मनातल्या मनात स्वतःला फार न्यायी समजत होते.

गावात सगळीकडे झालं. तुला इथे दुसरं कुणी कामावर घेतलं नाही, तू वॉल्सनबर्गला बहिणीकडे गेलीस, शाळांच्या पगारखात्यात लागलीस, एवढं मला कळलं होतं. मी कुणाला तुझ्याबद्दल वाईट बोलले नाही त्यानंतर. पण बोलायला उरलंच काय होतं?

आधी रूडीचं सांगून टाकते, कारण ते तडीला गेलं. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. दोघं स्वयंपाकघरात होते, बर्नादीन मिरच्यांची सालं काढत होती. मी सगळं सांगितलं. पाच कागद आणि ते न टाकलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाकडे जा, त्याची फी मी देते, नोटिशीचे पैसे भरायची वेळ आली तर तेही मी देते. बर्नादीननं हात पुसले आणि माझ्याशेजारी बसली. रूडीनं ते पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आमच्यात क्रेनवर एक नियम आहे. खालच्या माणसानं हात दाखवल्याशिवाय वरच्यानं उचलायचं नाही. कितीही जुना असो. ओफेलिया गेल्यापासून चार वर्षं वरती पण तूच आणि खाली पण तूच.’’

मग आम्ही तिघांनी त्याच टेबलावर उत्तर तयार केलं. मी सांगायचं, बर्नादीननं मोठ्यानं वाचून दाखवायचं, रूडीनं यादीवर खूण करायची. ‘मान्य नाही’च्या चौकोनात त्यानं एवढ्या जोरात फुली मारली की कागद फाटला, दुसरा घ्यावा लागला. कंपनीचे दुरुस्त कागद, दोघांच्या खात्यांत रक्कम वळती झाल्याचा दाखला, वळते केलेल्या पैशांचा, रिटर्नसोबत भरायचा राहून गेलेला फॉर्म, टॅन्यानं लिहून दिलेलं पत्र, की पहिलं अक्षर आमच्याकडून चुकलं. आणि रिटर्नला जोडायची राहिलेली ती चिठ्ठी. मी लिहिलं की, ही चिठ्ठी जोडायची राहिली ती रिटर्न भरणारीच्या हातून, करदात्यांचा यात काही दोष नाही, आणि खाली सही केली. तिघं मिळून टपालकचेरीत गेलो. पावती रूडीनं स्वतःच्या खिशात ठेवली. मला दिली नाही. बरोबर केलं.

गेल्या सोमवारी उत्तर आलं. कागदपत्रं मिळाली, काही देणं लागत नाही, प्रकरण बंद. रूडीनं कारखान्यातून मला फोन केला. मागे एवढी घरघर होती की अर्धं ऐकू आलं नाही, पण तो हसत होता. चाळीस वर्षांत एवढ्या छोट्या कामाचा मला कधी इतका आनंद झाला नव्हता, आणि आनंद होतो आहे याचीच लाज वाटत होती.

मधल्या काळात मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. बर्नादीन घेऊन गेली. बाई माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी सुरुवातीला पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाल्या. मग शंभरातून सात वजा करत जा म्हणाल्या. मला मनातून हसू आलं. मी ब्याण्णव-त्र्याण्णव असं अडखळत नाही, तुला माहीत आहे. एका दमात दोनपर्यंत खाली आले. त्यांनी मान वर करून पाहिलं, इतक्या वेगात कुणी केलं नव्हतं. मी अशी ताठ बसले होते. मग त्या म्हणाल्या, आता ते पाच शब्द सांगा. ओफेलिया, कुठले शब्द? मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी सांगितलेत? बर्नादीननं खिडकीकडे तोंड फिरवलं. पुढे तपासण्या झाल्या, डोक्याची चित्रं काढली, आजाराला नाव मिळालं. ते नाव मी इथे लिहीत नाही, तुझ्या आईलाही तेच होतं. बाई म्हणाल्या, अंक शेवटपर्यंत राहतील कदाचित. कधीपासून असेल, विचारलं, तर म्हणाल्या, तीन वर्षं, चार, सांगता येत नाही. तेव्हा बाकाबाईंचं पाकीट आजारानं हरवलं की माझ्या उर्मटपणानं, हे मला कधीच कळणार नाही. पण तुला जे बोलले ते आजारानं बोलले नाही. तेवढं मी आजाराच्या नावावर टाकणार नाही.

बाकाबाईंकडे गेले होते. त्यांनी तेव्हा जास्तीचा कर भरला होता, आणि परत मागायची तीन वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली. सरकारकडून आता दमडी यायची नाही. मी माझ्या बचतीतून तेवढ्या रकमेचा चेक नेला. त्यांनी तो घेतला, घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला. मग म्हणाल्या, ‘‘पैशांचं ठीक आहे, झोरा. पण मी त्या पोरीला बाजारात बघून तोंड फिरवलं होतं. तिनं मला हाक मारली होती. त्याचा चेक कोण देणार?’’

बुधवारी चर्चच्या हॉलमधल्या जेवणाला मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आजाराचं नंतर सांगितलं, आधी तुझं. ते मुद्दाम तसं केलं, नाहीतर लोक माझी कीव करण्यात तुझं विसरून गेले असते. चिकटचिठ्ठी वाचून दाखवली, तारखेसकट. लुसेरो भावांपैकी थोरला म्हणाला, ‘‘मग आम्ही तिला चार वर्षं काय म्हणत होतो?’’ बटाट्याचं सूप सगळ्यांचं गार झालं. हे सांगून मी काही मागत नाही. एवढंच, की आता तू इथल्या रस्त्यावरून चाललीस तर मान खाली घालायची पाळी तुझ्यावर नाही, त्यांच्यावर आहे.

आता हे पत्र का, ते. ऑफिसात एकशे शहाऐंशी घरांच्या फायली आहेत. गेल्या चार वर्षांत त्यांत मी काय केलं आणि काय करायचं राहिलं, ते मला माहीत नाही. कुणाच्या पाकिटात कुणाचा कागद आहे, कुणाची चिठ्ठी जोडायची राहिली, कुणाला अजून नोटीस यायची आहे. जानेवारीत काम सुरू व्हायच्या आत कुणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचायला हवं, आणि ज्यांची परत मागायची मुदत अजून उरली आहे त्यांचं ती उलटायच्या आत मागायला हवं. ते मी करू शकत नाही, केलं तरी कुणी त्यावर भरवसा ठेवू नये. ज्या एका माणसाच्या नजरेवर माझा भरवसा आहे त्या माणसाला मी सगळ्या गावादेखत निष्काळजी म्हटलं. ऑफिस, फर्निचर, गिऱ्हाइकं, सगळं वकिलाकडे तुझ्या नावावर करून ठेवलं आहे. तू आली नाहीस तरी ते तुझंच आहे, विकून टाक. माफी मी मागते, पण ती या कामाच्या बदल्यात मागत नाही. आणि पत्र टपालानं न येता रूडीच्या हातून का आलं, तेही सांगते. आज सकाळी तिकिटासाठी टेबलाचा खण उघडला, तर आत तुझ्या नावाचं एक पाकीट होतं. तिकीट लावलेलं, चिकटवलेलं. आत चार पानी पत्र, तारीख ९ ऑक्टोबर. रूडी, टॅन्या, पिवळं पाकीट, सगळं त्यात आहे, माफीसुद्धा आहे, आणि याच्यापेक्षा बरी लिहिली आहे. ते मी कधी लिहिलं मला आठवत नाही. दोन्ही सोबत पाठवते. रूडी तुझ्या दारात उभा असेल, त्याला आत घे, गुडघे दुखतात त्याचे. उत्तर ‘हो’ असो की ‘नाही’, तोंडी निरोप देऊ नकोस. कागदावर लिही, सही कर, तारीख घाल. रूडी तो कागद माझ्या टेबलासमोर भिंतीला लावणार आहे, म्हणजे मी हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला बसणार नाही.

तुझीच,
झोरा